गावाकडची खबर आणि ४९९ कोटी

 आज मी मुंबईतल्या इंटरनेटच्या धंद्याची गोष्ट सांगणार आहे. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट सुरू होते लालबागच्या चाळीत आलेल्या एका पोस्टकार्डापासून. ते कार्ड टाकलं जायचं तुमच्या-माझ्या गावातूनच.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. आई घरातच खाणावळ चालवायची. पंधराएक जेवणारे असायचे. कोणी मालवणकडचा, कोणी साताऱ्याचा, कोणी आजऱ्याचा. बायकामुलं गावी आणि हे इथे, दहा-बारा जण मिळून एका खोलीत. पगार झाला की आधी आईचे पैसे, मग गावाला मनीऑर्डर. ताटावर बसले की विषय एकच, गावाकडची काय खबर? पाऊस झाला का, म्हैस व्याली का, थोरलीचं जमलं का. गावाहून कोणी आलं की त्याला पाणी प्यायलाही उसंत मिळायची नाही. चाळीत वर्तमानपत्र एकच यायचं. त्याची पानं सुटी होऊन संध्याकाळपर्यंत खोल्याखोल्यांतून फिरायची. घरापासून लांब गेलेल्या माणसाला भाकरीइतकीच खबरीचीही भूक असते, हे मी तिथे पाहिलं. पुढे ह्याच भुकेवर मोठा धंदा उभा राहिला.

आईसारख्या खाणावळवाल्या गिरणगावात घरोघरी होत्या. किराणा भरायला सावकाराकडून पैसे घ्यायच्या आणि व्याजात बुडायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ह्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेची दारं उघडून दिली. स्वयंपाक ही बाईची कला आहे आणि त्याला बँकेने कर्ज द्यावं, असं ठामपणे सांगणाऱ्या ह्या बायका होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आईचे जेवणारे एकेक करून गावी गेले. त्यांची उधारी वहीत तशीच राहिली. आईने ती वही रद्दीत घातली नाही. "आज ना उद्या देतील," म्हणायची. दोघातिघांनी खरंच आणून दिले. १९९१ मध्ये नियम बदलले आणि गिरण्यांच्या जमिनींवर दुसरी बांधकामं करायची वाट मोकळी झाली. भोंगे बंद पडले होतेच. मग परळ-लोअर परळच्या आवारांत हळूहळू काचेची कार्यालयं आली.

त्याच सुमारास शहरात नवीन तार आली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. टेलिफोनच्या तारेतून ते यायचं, जोडताना डब्यातून कर्कश आवाज व्हायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडायचा. २५० तासांसाठी एका माणसाला ५,००० रुपये पडायचे. आमच्या चाळीत साधा फोनसुद्धा मोजक्याच घरी होता. त्यामुळे ही गोष्ट आमच्यासाठी नव्हतीच. पण ज्यांच्यासाठी होती, त्यांच्यातल्या काहींना आमची ती जुनी भूक बरोबर कळली.

राजेश जैन हे मुंबईचे इंजिनिअर. पवईच्या आयआयटीत शिकले, पुढे अमेरिकेत शिकले, तिथे नोकरी केली आणि १९९२ मध्ये परत आले. सुरुवातीचे काही धंदे जमले नाहीत. मार्च १९९५ मध्ये, म्हणजे आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट सुरू व्हायच्याही आधी, त्यांनी इंडियावर्ल्ड नावाची वेबसाइट काढली. मग भारतात वाचणारं होतं कोण? फारसं कोणी नाही. वाचणारे होते परदेशात गेलेले भारतीय. त्यांना हवं होतं घरचं. म्हणून पुढे एक वेबसाइट निघाली समाचार, तिथे भारतातल्या वर्तमानपत्रांचे मथळे एका जागी मिळायचे. एक निघाली खेळ, क्रिकेटसाठी. एक खोज, माहिती हुडकायला. आणि एक बावर्ची, पदार्थांच्या कृती सांगणारी. न्यू जर्सीतल्या सुनेला आमटीची फोडणी कशी द्यायची ते तिथे सापडायचं. आमच्या खोलीतले जेवणारे ताटावर बसून जे विचारायचे, तेच हे सातासमुद्रापलीकडून विचारत होते.

नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे ह्या कंपनीने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं जाहीर केलं. सत्यम इन्फोवे स्वतः महिन्याभरापूर्वीच अमेरिकेच्या नॅसडॅक ह्या शेअर बाजारात दाखल झाली होती. बातमी आली आणि मुंबईत जो तो वेबसाइट काढायला धावला. माहीममधून चालणारी रेडिफ १९९६ पासून होतीच, ती जून २००० मध्ये नॅसडॅकवर गेली. दादर स्टेशनबाहेर भिंती कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांनी भरल्या.

मीही तेव्हा टायपिंग शिकून अशाच एका लहान कंपनीत लागले होते. काम काय, तर पहाटे सहाला जायचं, वर्तमानपत्रं वाचायची, बातमीचा सार टाइप करायचा. शिवाय आठवड्याला चार पाककृती. त्या मी आईकडून घ्यायचे. कोलंबीचं लोणचं, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ. आईचं नाव कुठेही छापलं जायचं नाही, ते माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. मालक सांगायचे, वर्षभरात आपल्या कंपनीचा भाव इतके कोटी होणार. मी घरी येऊन तेच सांगितलं. आई वाटण वाटत होती. तिने विचारलं, "तुमचे जेवणारे किती?" मी म्हटलं, रोज हजारो लोक बघतात. ती म्हणाली, "बघणारे नाही गं. महिन्याला पैसे देणारे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर तो प्रश्न साऱ्या जगातल्या वेबसाइटवाल्यांना विचारायचा होता. बहुतेकांची कमाई थोडी आणि खर्च फार. खर्च चालायचा तो लोकांनी शेअरमध्ये घातलेल्या पैशांवर. १० मार्च २००० ला नॅसडॅकचा निर्देशांक ५,००० च्या वर शिखराला होता. तिथून तो घसरत गेला. ऑक्टोबर २००२ पर्यंत रुपयातले बारा आण्यांहून जास्त गेले. आमची कंपनी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. एका सोमवारी गेले तर दाराला कुलूप. माझा तीन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच. घरी आईची १९८२ ची वही होती, तिच्याशेजारी माझी नेमणुकीची चिठ्ठी जाऊन पडली.

म्हणून इंटरनेट खोटं ठरलं का? नाही. भाव पडला, भूक तशीच राहिली. पुढे जैन यांच्याच नेटकोर कंपनीने साध्या मोबाइलवर एसएमएसने बातम्या पाठवायला सुरुवात केली. तिचं कार्यालय लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. जिथे सूत निघत होतं, तिथून आता खबर निघायला लागली. त्या जागेत साच्यावर उभे राहिलेल्यांपैकी कितीजणांच्या मुलांना वर लिफ्टने जायला मिळालं, हे मात्र चाळीतल्या कोणालाही विचारा. बरेचसे गेले ते रखवालदार म्हणून, नाहीतर पार्सल घेऊन.

मैत्रिणींनो, आज तुमच्या हातात फोन आहे. गटातली कोणी चटणीचा व्हिडिओ करते, कोणी गोधडीचा फोटो टाकते. उद्या कोणीतरी येईल आणि म्हणेल, तुमच्या गटाचे पदार्थ आमच्यावर टाका, लाखो लोक बघतील. टाका, घाबरू नका. गिरणगावातल्या आम्हा लोकांना ती तार उशिरा मिळाली, तुम्हाला वेळेवर मिळाली आहे. फक्त आधी मासिक बैठकीत बसून चार गोष्टी विचारा. बघणारे किती ते राहू दे, विकत घेणारे किती? पैसे किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यावर येणार? कृतीखाली नाव कोणाचं, गटाचं की त्यांचं? आणि उद्या त्यांनी दुकान बंद केलं तर आपली गिऱ्हाइकं आपल्याला ठाऊक असतील का, त्यांचे नंबर आपल्या वहीत असतील का? उत्तरं इतिवृत्तात लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. खाणावळवाल्या बायका बँकेत गेल्या त्या एकेकट्या गेल्या नाहीत, मंडळ म्हणून गेल्या. इथेही तसंच जायचं.

आई आता नाही. तिची काळ्या वाटाण्याची उसळ परवा मी फोनवर शोधली. दहा जणींनी दहा तऱ्हेने सांगितली आहे, एकीने तर त्यात टोमॅटो घातलाय. मी वही काढली आणि आईची कृती पहिल्यांदाच तिच्या नावानिशी लिहून ठेवली. तुमच्या घरातली अशी एखादी कृती, ओवी, औषध असेल तर तेही आज संध्याकाळी लिहून काढा. खाली सांगणारीचं नाव आणि तारीख घाला. लिहिता येत नसेल तर नातीला बसवा.

पुढच्या आठवड्यात ह्याच वेळी भेटू. नमस्कार.