स्वस्त शस्त्र, महाग बचाव : ड्रोनयुगातील युद्धाचे बदललेले गणित

शत्रूचे शस्त्र पाडण्यासाठी त्याच्या किमतीच्या कित्येक पट खर्च करावा लागणे, ही आजच्या युद्धशास्त्रापुढील मध्यवर्ती समस्या आहे. इराणी बनावटीच्या ‘शाहेद-१३६’ या एकमार्गी हल्लेखोर ड्रोनची किंमत साधारणतः २० ते ५० हजार अमेरिकी डॉलर असावी, असा अंदाज आहे. ‘पॅट्रियट’ यंत्रणेतील अद्ययावत क्षेपणास्त्र मात्र सुमारे ४० लाख डॉलरला पडते. म्हणजे बचाव यशस्वी झाला, तरी हिशेब हल्लेखोराच्याच बाजूने झुकतो. श्रेष्ठ शस्त्र कोणाकडे आहे, या जुन्या प्रश्नाच्या जोडीला आता कोण किती शस्त्रे, किती वेगाने आणि किती स्वस्तात घडवू शकतो, हा प्रश्न येऊन ठेपला आहे. त्याचे परिणाम रणभूमीपुरते मर्यादित नाहीत. तेलशुद्धीकरण प्रकल्प, बंदरे, विमानतळ आणि व्यापारी जहाजे ही सारी या नव्या गणिताच्या टप्प्यात आली आहेत.

पूर्वपीठिका

मानवरहित विमाने नवी नाहीत. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियाची हवाई संरक्षण यंत्रणा हुडकण्यासाठी इस्रायलने त्यांचा वापर केला होता. २००१ पासून अमेरिकेने अफगाणिस्तानात ‘प्रिडेटर’वरून क्षेपणास्त्रे डागली. परंतु ही विमाने मोजक्या श्रीमंत राष्ट्रांपाशीच होती आणि ज्याच्याकडे प्रभावी हवाई संरक्षण नाही, अशा प्रतिपक्षाविरुद्धच ती निर्धोकपणे उडू शकत.

२०२० च्या नागोर्नो-काराबाख युद्धाने हे चित्र पालटले. अझरबैजानने जुन्या सोव्हिएत ‘आन्तोनोव्ह-२’ विमानांचे मानवरहित आमिषांत रूपांतर केले. त्यांच्यावर मारा करताना आर्मेनियाच्या यंत्रणांची ठिकाणे उघड झाली, की तुर्की ‘बायराक्तार टीबी-२’ आणि इस्रायली ‘हारोप’ त्यांचा वेध घेत. ४४ दिवसांनी, १० नोव्हेंबर २०२० रोजी युद्धविराम झाला, तेव्हा आर्मेनियाच्या बाजूचे रणगाडे, तोफा आणि क्षेपणास्त्र यंत्रणा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या होत्या. मध्यम ऐपतीचे राष्ट्रही आकाशातून वर्चस्व गाजवू शकते, हा या युद्धाचा धडा होता.

आखाती इशारा

त्याआधीच आखाताला या बदलाची झळ बसली होती. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक व खुरैस येथील तेल प्रकल्पांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला. दिवसाला सुमारे ५७ लाख पिंपांचे उत्पादन, म्हणजे त्या देशाच्या उत्पादनाचा जवळपास निम्मा भाग, काही काळ ठप्प झाले. येमेनमधील हौथींनी जबाबदारी स्वीकारली; अमेरिका व सौदी अरेबियाने इराणकडे बोट दाखवले आणि इराणने आरोप फेटाळला. सौदी अरेबियाकडे ‘पॅट्रियट’ यंत्रणा होत्या, परंतु त्यांची रचना प्रामुख्याने उंचावरून येणारी विमाने व बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे यांच्यासाठी होती. जमिनीलगत येणाऱ्या लहान लक्ष्यांनी त्यांना चकवले.

१७ जानेवारी २०२२ रोजी अबुधाबीच्या मुसफ्फा भागातील इंधन साठ्यावर झालेल्या हौथी हल्ल्यात तिघे मृत्युमुखी पडले. त्यांपैकी दोघे भारतीय आणि एक पाकिस्तानी होता. त्यांतील एकाचाही देश या युद्धात उतरलेला नव्हता. सुमारे ९० लाख भारतीय ज्या प्रदेशात राहतात, तेथे या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

युक्रेन : रणभूमीची प्रयोगशाळा

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या रशियाच्या आक्रमणानंतर ड्रोनचा वापर दोन पातळ्यांवर विस्तारला. पहिली पातळी आघाडीवरची. चालकाच्या डोळ्यांवरील पडद्यावर थेट दृश्य दाखवणारे ‘एफपीव्ही’ ड्रोन काही शे डॉलरमध्ये तयार होते आणि लाखो डॉलरच्या रणगाड्याला निकामी करू शकते. त्यामुळे आघाडीच्या दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटरचा पट्टा असा झाला आहे, की तेथे दिवसा वाहन हलवणे, जखमींना मागे नेणे किंवा रसद पोहोचवणे जीवावर बेतते. रेडिओ लहरी रोखणारी जॅमर यंत्रे आली, तेव्हा बारीक ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले. त्यांना लहरींची गरजच नसते. एका बाजूच्या युक्तीवर दुसरी बाजू आता वर्षांत नव्हे, तर आठवड्यांत तोडगा काढते. २०२४ मध्ये युक्रेनने मानवरहित यंत्रणांसाठी सैन्याची स्वतंत्र शाखाच स्थापन केली.

दुसरी पातळी दूर पल्ल्याची. रशियाने तातारस्तानातील अलाबुगा येथे शाहेदचे ‘गेरान-२’ या नावाने उत्पादन सुरू केले आणि एकेका रात्रीत शेकडो ड्रोन पाठवण्याइतकी क्षमता गाठली. त्यांच्यासोबत फोम व प्लायवुडची पोकळ आमिषेही धाडली जातात. बचाव करणाऱ्याने त्यांवर क्षेपणास्त्र खर्च केले, तरी हल्लेखोराचे काम साधते. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींत दडवून नेलेल्या ११७ ड्रोनद्वारे रशियाच्या अंतर्भागातील हवाई तळांवर हल्ला केला. आघाडीपासून हजारो किलोमीटर दूर, सैबेरियातील बेलाया तळावरची बॉम्बफेकी विमानेही त्यात लक्ष्य झाली. ४१ विमानांना फटका बसल्याचा युक्रेनचा दावा आहे. अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. या जुन्या बॉम्बफेकी विमानांचे उत्पादन केव्हाच थांबले असल्याने ही हानी सहज भरून निघणारी नाही.

समुद्रावरील उलथापालथ

नौदलांचा अनुभवही याच दिशेने जातो. मोठे नौदल हाताशी नसताना युक्रेनने क्षेपणास्त्रे व स्फोटकांनी भरलेल्या चालकविरहित नौका यांच्या बळावर रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याला क्रिमियातून बराचसा पूर्वेकडे, नोव्होरोसिस्क बंदराकडे, हटवण्यास भाग पाडले.

तांबड्या समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून हौथींनी व्यापारी जहाजांवर हल्ले आरंभले. अमेरिकी विनाशिकांनी काही वेळा सुमारे २० लाख डॉलरची क्षेपणास्त्रे वापरून ड्रोन पाडले. पाडलेल्या ड्रोनची संख्या मोठी होती, तरीही अनेक जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला, त्यामुळे आशिया-युरोप प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि विमा व भाडे दोन्ही वाढले. मार्ग बंद पाडण्यासाठी प्रत्येक जहाज बुडवावे लागत नाही. विमा कंपनीला जोखीम परवडेनाशी झाली, तरी पुरते.

हे संकट भारताच्या किनाऱ्याजवळही पोहोचले. २३ डिसेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाहून मंगळूरकडे निघालेल्या ‘केम प्लुटो’ या रसायनवाहू जहाजावर पोरबंदरपासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळले. जहाजावरील २१ जणांपैकी २० भारतीय होते. आग आटोक्यात आली, कोणी दगावले नाही आणि तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ जहाजाच्या सोबतीने ते मुंबईत पोहोचले. त्यानंतर भारतीय नौदलाने अरबी समुद्रात विनाशिका तैनात केल्या.

बचावाचा खर्च कसा उतरेल?

या पेचावर एकच एक उपाय नाही. निरनिराळ्या किमतीचे अनेक थर रचणे हाच मार्ग दिसतो. युक्रेनमध्ये आवाजावरून ड्रोनचा माग काढणारे हजारो ध्वनिग्राहक खांबांवर बसवलेले आहेत. मोडीत निघालेल्या मानल्या गेलेल्या जर्मन ‘गेपार्ड’ विमानवेधी तोफांना तेथे नवे आयुष्य लाभले. ड्रोन पाडणारे स्वस्त ड्रोनही आता वापरात आहेत. महागडी क्षेपणास्त्रे मग बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसारख्या खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवता येतात.

लेझरकडून मोठी अपेक्षा आहे. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’चा एक मारा १० पौंडांहून कमी खर्चाचा असल्याचे तेथील संरक्षण खाते सांगते. भारताच्या डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे ३० किलोवॅट लेझर शस्त्राचे प्रात्यक्षिक केले. तथापि धुके, पाऊस व धूळ लेझरची परिणामकारकता घटवतात, आणि एका वेळी एकाच लक्ष्यावर काही क्षण रोखून राहावे लागत असल्याने मोठ्या थव्यापुढे त्याची कसोटी लागते.

भारतीय उपखंड

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात भारत व पाकिस्तान यांनी प्रथमच परस्परांविरुद्ध मोठ्या प्रमाणावर ड्रोन वापरले. भारताच्या निवेदनानुसार ८ व ९ मेच्या दरम्यानच्या रात्री लेह ते सर क्रीक या पट्ट्यात ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले. हवाई संरक्षणाची चाचपणी करणे आणि माहिती गोळा करणे, हा त्यांचा संभाव्य उद्देश होता. काराबाखमधील आमिषांचेच हे पुढचे रूप. या प्रसंगी ‘एस-४००’ आणि ‘आकाश’ यांच्या बरोबरीने मूळच्या स्वीडिश रचनेच्या, अनेक दशके सेवेत असलेल्या ‘एल-७०’ तोफाही उपयोगी पडल्या. खर्चाच्या दृष्टीने पाहता हा तपशील लहान नव्हे.

महाराष्ट्राचा या उद्योगातील वाटा ठळक आहे. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहातील कंपनीने ‘नागास्त्र-१’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे शस्त्र बनवले. लक्ष्य न सापडल्यास ते पॅराशूटच्या साहाय्याने परत उतरवता येते. ४८० नगांच्या मागणीपैकी १२० नग जून २०२४ मध्ये लष्कराला मिळाले. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली ‘आयडियाफोर्ज’ टेहळणी ड्रोन पुरवते.

खरी स्पर्धा कारखान्यांची

ड्रोनचे मोटर, बॅटरी, कॅमेरे आणि चुंबके यांच्या जागतिक पुरवठ्यावर चीनचा वरचष्मा आहे. चीनने १ सप्टेंबर २०२३ पासून काही ड्रोन व त्यांच्या भागांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मीळ मृदा धातूंची व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांची निर्यात परवान्याखाली घेतली. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, परंतु सुट्या भागांना मुभा ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार चिनी भागांच्या कारणास्तव रद्द करावे लागले. जुळणी देशात झाली म्हणजे स्वावलंबन साधले असे नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

जे बदललेले नाही

ड्रोनमुळे तोफा किंवा पायदळ कालबाह्य झालेले नाही. युक्रेनमध्ये तोफगोळ्यांचा तुटवडा वारंवार जाणवला आणि भूभाग ताब्यात ठेवण्यासाठी अजूनही खंदकात माणूसच लागतो. कायद्याची गती मात्र तंत्रज्ञानाच्या फार मागे आहे. स्वयंचलित घातक शस्त्रांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२३ मध्ये १५२ मतांनी ठराव संमत केला. भारत व रशिया विरोधात मतदान करणाऱ्यांत होते. बंधनकारक करार अद्याप झालेला नाही.

यापुढे एखाद्या राष्ट्राचे लष्करी बळ जोखताना विमाने व रणगाडे यांच्या संख्येबरोबर आणखी तीन आकडे पाहावे लागतील : महिन्याला घडणाऱ्या ड्रोनची संख्या, एक ड्रोन पाडण्याचा सरासरी खर्च आणि त्यांतील स्वदेशी भागांचे प्रमाण. आखातातील तेल प्रकल्पात काम करणारा अभियंता असो वा अरबी समुद्रातून जाणारा खलाशी, त्यांची सुरक्षितता यापैकी दुसऱ्या आकड्यावर सर्वाधिक अवलंबून आहे. कारण बचाव परवडेनासा झाला, की प्रथम उघडे पडतात ते ज्यांच्याभोवती लष्करी तटबंदी नसते, असे नागरिक.