नोंद आणि अहवाल : न्यू जर्सी टर्नपाइकवरील वाहनतपासणीचा इतिहास

नोंद ठेवणे आणि अहवाल देणे या दोन क्रिया पुष्कळदा एकाच कागदावर होत असल्या, तरी त्यांचे स्वरूप भिन्न असते. नोंद ही खात्याच्या स्वतःच्या उपयोगासाठी असते; तिचा लेखक व वाचक एकाच कचेरीत बसतात. अहवालाचा वाचक कचेरीबाहेर असतो, आणि त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. रस्त्यावर वाहन थांबविण्याच्या पोलिसांच्या अधिकाराचा अमेरिकेतील अलीकडचा इतिहास म्हणजे पहिल्या क्रियेकडून दुसरीकडे झालेली वाटचाल होय. न्यू जर्सी राज्यातील प्रकरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

न्यू जर्सी टर्नपाइक हा पथकर आकारणारा महामार्ग १९५१-५२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यावर गस्त घालण्याचे काम राज्य पोलीस दलाकडे असे. १९८० नंतर अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेमुळे या गस्तीला दुसरे उद्दिष्ट प्राप्त झाले. वेगमर्यादेचा भंग हे निमित्त आणि वाहनाची झडती हा हेतू, असा प्रकार वाढीस लागला. या मार्गावर बहुतेक सर्वच वाहने वेगमर्यादा ओलांडीत. त्यामुळे त्यांपैकी कोणास थांबवावयाचे, ही निवड गस्तीवरील पोलिसाच्या मर्जीवर राहिली.

ही मर्जी न्यायालयात तपासणे सोपे नव्हते. जून १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेन खटल्यात एकमताने असा निर्णय दिला की, वाहतुकीच्या नियमाचा भंग झाला आहे असे मानण्यास पुरेसे कारण असेल, तर चौथ्या घटनादुरुस्तीखाली अधिकाऱ्याच्या अंतःस्थ हेतूची चौकशी करण्याचे कारण नाही. भेदभावाची तक्रार कायद्याच्या समान संरक्षणाच्या तत्त्वाखाली करता येईल, हेही न्यायालयाने सांगितले. परंतु तशी तक्रार एकट्या प्रसंगावरून सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच. त्यासाठी शेकडो प्रसंगांची बेरीज हवी. आणि ती पोलिसांच्याच नोंदींतून काढावयाची.

अशी बेरीज त्यापूर्वीच न्यू जर्सीतील ग्लॉस्टर परगण्याच्या न्यायालयापुढे आली होती. सोटो व इतर आरोपींच्या वतीने मानसशास्त्रज्ञ जॉन लॅम्बर्थ यांनी ४२,००० हून अधिक वाहनांची पाहणी केली. तीत कृष्णवर्णीय व्यक्ती असलेल्या वाहनांचे प्रमाण १३.५ टक्के, तर नियमभंग करणाऱ्या वाहनांत ते सुमारे १५ टक्के आढळले. थांबविलेल्या वाहनांत मात्र ते सुमारे ३५ टक्के होते. लॅम्बर्थ यांच्या कार्याचे महत्त्व येथेच आहे. पोलिसांच्या नोंदवहीत फक्त भाज्य होता. रस्त्यावर एकंदर कोण जात होते, हा भाजक त्यांनी बाहेरून पुरविला. ४ मार्च १९९६ रोजी न्यायाधीश रॉबर्ट फ्रान्सिस यांनी हा पुरावा ग्राह्य धरला आणि झडतीत मिळालेला माल आरोपींविरुद्ध वापरता येणार नाही, असा निर्णय दिला. राज्याने त्यावर अपील केले.

२३ एप्रिल १९९८ रोजी रात्री याच मार्गावर दोघा पोलिसांनी थांबविलेल्या एका व्हॅनवर अकरा गोळ्या झाडल्या. व्हॅनमध्ये चार तरुण होते : तिघे कृष्णवर्णीय, एक हिस्पॅनिक. त्यांपैकी तिघे जखमी झाले. पुढे या पोलिसांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांवर खोट्या नोंदी केल्याचाही आरोप ठेवण्यात आला. कृष्णवर्णीय चालकास थांबवावयाचे आणि वहीत जवळून गेलेल्या एखाद्या श्वेतवर्णीय चालकाच्या वाहनाचा क्रमांक लिहावयाचा, अशी एक युक्ती दलात प्रचलित होती. पोलिसांच्या बोलीत तिला ‘भूत उभे करणे’ अशा अर्थाचे नाव पडले होते. खोटी नोंद हीसुद्धा एक साक्षच असते. खरे लिहिले तर ते कोणीतरी वाचील, ही भीती तिच्यामागे असते.

२० एप्रिल १९९९ रोजी राज्याचे ॲटर्नी जनरल पीटर व्हर्निएरो यांचा अंतरिम अहवाल प्रसिद्ध झाला. थांबविलेल्या चालकांत श्वेतेतरांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. परंतु चालकाच्या संमतीने घेतलेल्या झडत्यांपैकी ७७.२ टक्के झडत्या कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक लोकांच्या होत्या. भेदभाव होतो, हे राज्याने यात मान्य केले व सोटो खटल्यातील अपीलही मागे घेतले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, या विषयावरील सुमारे ९१,००० पृष्ठांचे शासकीय कागद खुले करण्यात आले. त्यांवरून असे दिसून आले की, विषमता दाखविणारे आकडे निदान १९९६ पासून वरिष्ठांच्या हाती होते. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान कचेरीबाहेर गेले नव्हते, एवढेच.

३० डिसेंबर १९९९ च्या संमती-हुकुमाने ही स्थिती पालटली. संघराज्याचे न्यायखाते व न्यू जर्सी राज्य यांच्यातील या तडजोडीनुसार प्रत्येक वाहनतपासणीत चालकाचा वंश, थांबविण्याचे कारण आणि झडतीचा तपशील लिहिणे बंधनकारक झाले. एकत्रित आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावयाचे होते, आणि स्वतंत्र निरीक्षक नेमले गेले. हा हुकूम सप्टेंबर २००९ मध्ये संपुष्टात आला. तथापि त्याच वर्षी राज्याने कायदा करून देखरेखीसाठी कायम कार्यालय स्थापिले.

प्रसिद्धीचा लाभ एकाच पक्षास होतो, असे मात्र नव्हे. २००२ साली एका पाहणीत, ताशी ६५ मैलांची मर्यादा असलेल्या भागात अतिवेगाने जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय चालकांचे प्रमाण अधिक आढळले. सुमारे तृतीयांश छायाचित्रांत चालकाचा वंश निश्चित करता आला नव्हता, म्हणून न्यायखात्याने तिच्या प्रसिद्धीस हरकत घेतली. निष्कर्ष योग्य की अयोग्य, हा वाद पुढे चालला. पण तो आता आकड्यांच्या आधारे, चारचौघांत चालला होता. पूर्वी अशा वादाला जागाच नव्हती.

न्यू जर्सीबाहेरही हा पायंडा पडला. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने अशा नोंदी कायद्याने आवश्यक केल्या, २००० मध्ये मिसूरी राज्याने वार्षिक अहवालाची पद्धत घातली. कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्यातील एक तरतूद भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. चालकास त्याचा वंश विचारावयाचा नाही. अधिकाऱ्यास जो जाणवला, तोच लिहावयाचा. वरवर पाहता ही अचूकतेची हानी वाटेल. वस्तुतः येथे विचारला जाणारा प्रश्न ‘चालक कोण होता’ हा नसून ‘अधिकाऱ्याने त्याला कोण समजले’ हा आहे, आणि त्या प्रश्नास हेच उत्तर नेमके होय. नोंदीतील एका शब्दाची व्याख्या अशी संपूर्ण अहवालाचा अर्थ ठरविते.

तरीही छापील रकान्यांत सारे मावत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ओकलंड येथील पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांत टिपलेल्या ९८१ वाहनतपासण्यांतील संभाषण तपासले. आदरार्थी संबोधन, आभार, दिलगिरी, थेट नावाने हाक मारणे अशा खुणा त्यांनी मोजल्या. गुन्ह्याचे गांभीर्य, स्थळ व अधिकाऱ्याचा वंश हे घटक वेगळे काढूनही कृष्णवर्णीय चालकांशी बोलताना आदर कमी राखला जातो, असे त्यांना आढळले. अशा तपासणीत दंडाची रक्कम, कारण व वेळ हे रकाने सारखेच भरले गेले, तरी दोघा चालकांनी ऐकलेले शब्द सारखे नसतात.

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नोंदींची संख्या वाढल्याने पोलीस दल आपोआप उत्तरदायी होत नाही; न्यू जर्सीत नोंदी होत्या, आणि त्यांतील काही खोट्याही होत्या. नोंदीचे शब्द लिहिणाऱ्याने एकट्याने न ठरविणे, भाजक बाहेरून तपासता येणे आणि बेरीज ठरल्या वेळी लोकांपुढे येणे, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजेच नोंदीचा अहवाल होतो. त्यांपैकी एकही सुटली, की कागद पुन्हा कपाटात जातो, आणि रस्त्यावर थांबविलेल्या माणसाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा उरत नाही.