निशिगंधाचें माहेर

लग्नाच्या मांडवांत किंवा दिवाणखान्यांतील फुलदाणींत निशिगंधाची दोन हात उंच छडी दिसली, कीं हें फूल आपल्याकडे पुराणकाळापासून असावें असें सहज वाटतें. नांवही शुद्ध संस्कृत! परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. हा कंद मूळचा मेक्सिकोचा. तेथील अ‍ॅझ्टेक लोक त्यास आपल्या भाषेंत 'अस्थिपुष्प' म्हणत; पाकळ्यांचा पांढरा रंग आठवला म्हणजे त्या नांवाचें मर्म कळतें. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर हा कंद युरोपांत गेला आणि युरोपीय दर्यावर्द्यांच्या मार्गानें हिंदुस्थानांत आला. येथें त्यास 'गुलछडी' हें दुसरें नांव मिळालें. त्यांतील 'गुल' फारसी, 'छडी' देशी. हा मिलाफच त्याच्या प्रवासाची खूण होय.

याहून नवलाची गोष्ट आम्हांस ही वाटते कीं, आज मेक्सिकोच्या रानांतही हा कंद रानटी स्थितींत आढळत नाहीं. त्याचें माहेर असें कोठेंच उरलेलें नाहीं. माळी लावील तेथें तो जगतो, इतकेंच.

ट्यूलिपसारखे वासंतिक कंद कडक थंडीवांचून फुलत नाहींत, म्हणून दख्खनच्या पठारावर ते रमले नाहींत. निशिगंधास मात्र ऊब हवी. तो पुणें जिल्ह्याच्या शेतांत रुजला. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें 'फुले रजनी' हा वाण दिला, तर बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेनें 'शृंगार' आणि 'मेक्सिकन सिंगल' यांच्या संकरांतून 'प्रज्वल' निर्माण केला.

तथापि त्याची एक अट सुटत नाहीं. वडगांव रासाईसारख्या भीमाकांठच्या गांवची काळी जमीन उसाला मानवते. पण ती पाणी धरून ठेवते, आणि सांचलेल्या पाण्यांत हा कंद कुजतो. तेव्हां एप्रिल-मे महिन्यांत उंच वाफे करून, मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळून कंद लावावे, आणि पावसाचें पाणी निघून जाईल असे चर मोकळे ठेवावे.

एखादी वस्तु आपली कशानें ठरते? ती कोठून आली यापेक्षां तिला कोण सांभाळतो, यावरून तें ठरवावें असें आम्हांस वाटतें. ज्याला रानाचा आसरा उरला नाहीं, तो कंद आपण चर खणतों तोंवरच आपला आहे.