बिदागीकडून तिकिटाकडे

1896 साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरज सोडली, तेव्हा उद्याच्या पोटाची सोय ठरलेली नव्हती. कुरुंदवाडचा हा मुलगा लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाल्यावर मिरजेत आला आणि संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. एका समारंभाचे बोलावणे त्यांना आले, पण ‘केवळ गवई’ म्हणून त्यांच्या गुरूंना आले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली आणि म्हणून त्यांनी मिरज सोडली, असे चरित्रकार सांगतात.

त्या काळी गवयाचे पोट मर्जीवर चाले. दरबारची नेमणूक, बिदागी, शालजोडी. दरबारात हुकूम फिरला की सगळे संपले. मिरज सोडल्यावर सौराष्ट्रात पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजवाड्याची पायरी कधी न चढलेला माणूसही पैसे मोजून ख्याल ऐकू लागला. गवयाला पोसणारा धनी बदलला होता.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय ही गाण्याची शाळा उघडली ती याच बळावर. एखाद्या संस्थानच्या पदरी न राहता लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांची कमाई यांवर शाळा चालवायची, हा त्यांचा निश्चय होता. सुरुवातीला विद्यार्थी मोजकेच होते. तरी शाळा टिकली, वाढली, आणि 1908 मध्ये मुंबईतही सुरू झाली.

लोकांच्या पैशाचे उतराई कसे व्हायचे, याचे पलुस्करांचे उत्तर त्यांच्या कामात दिसते. कोणालाही शिकता यावे म्हणून त्यांनी स्वरलिपी तयार केली. घराण्यांनी जपून ठेवलेल्या चिजा छापील पुस्तकांतून बाजारात आणल्या. उपदेशक वर्गातले विद्यार्थी शाळेतच राहत. त्यांच्या जेवणाखाण्याचा आणि शिक्षणाचा भार शाळेवर. बदल्यात अनेक वर्षे शिकायचे आणि मग गावोगावी शिकवायला जायचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही पलुस्करांची शिष्यमंडळी. लोकांनी एका गायकाला दिलेला आधार असा शेकडो गळ्यांपर्यंत पोचला.

या मार्गाची किंमतही त्यांनी मोजली. मुंबईतल्या इमारतीसाठी कर्ज काढले होते. जलशांच्या पैशातून खर्च आणि हप्ते भागेनात, आणि 1924 च्या सुमारास इमारत लिलावात गेली. लोकाश्रय उदार असतो, पण तो दरमहा ठरल्या तारखेला येत नाही. सावकाराचे व्याज मात्र येते. पलुस्करांनी त्यानंतर नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात आपले काम चालू ठेवले.

21 ऑगस्ट 1931 रोजी ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि 1932 मध्ये विनायकरावांनी पुण्यात स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. मंडळाने अभ्यासक्रम आखले, परीक्षा सुरू केल्या. आज तालुक्याच्या गावातली मुलगी शिकवणी लावून ‘प्रारंभिक’ परीक्षेचा अर्ज भरते, तेव्हा तिच्या घरच्यांनी दिलेली फी याच मंडळाकडे जमा होते, आणि तिला समोर बसवून यमन शिकवणारी बाईही बहुधा हीच परीक्षा देऊन पुढे आलेली असते.