पनवेलहून एकट्याने कोकण किनारा: कमी खर्चातली सहल कशी आखायची?

जमैका, बार्बाडोस अशा कॅरिबियन बेटांचे रील सध्या अनेकांच्या फीडमध्ये दिसतात. माड, गरम वाळू, निळं पाणी आणि एकटाच फिरणारा प्रवासी. पण भारतातून तिकडे जायचं तर बहुतेक वेळा युरोप किंवा अमेरिकेत विमान बदलावं लागतं आणि फक्त तिकिटालाच अनेकांचा वर्षभराचा सहलीचा पैसा संपतो. नकाशा मात्र वेगळीच गंमत सांगतो. रायगड जिल्ह्यातलं श्रीवर्धन साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जमैका बेटही त्याच पट्ट्यात येतं. म्हणजे तसाच उष्ण कटिबंधातला किनारा पनवेलहून एसटीने गाठता येतो.

इथे एकट्याने, कमी पैशांत आणि सुखरूप कसं जाऊन यायचं, याची ही माहिती.

कोकणचं पाणी रीलमधल्यासारखं निळं का नाही?

आधी अपेक्षा नीट केलेली बरी. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीतला फरक फार कमी असतो आणि अनेक किनाऱ्यांवर प्रवाळाची पांढरी वाळू आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हाच फरक उधाणाच्या दिवसांत साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. शिवाय सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या आणि खाड्या गाळ आणतात. त्यामुळे अलिबाग, मुरूडचं पाणी गढूळ दिसतं. ही घाण नसून गाळ आहे. दक्षिणेकडे मालवण, तारकर्लीला पाणी बरंच स्वच्छ दिसतं, म्हणून स्कूबा डायव्हिंग तिथे चालतं. तेही पावसाळा सोडून.

सुरुवात पनवेलहूनच का?

कोकणात जाणारे रस्ता आणि रेल्वे असे दोन्ही मार्ग पनवेलला मिळतात. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, पनवेलजवळच्या पळस्प्यापासून सुरू होतो. पेण ओलांडल्यावर वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या अनेक एसटी गाड्या पनवेल आगारात थांबतात.

रेल्वेने जायचं तर पनवेल-रोहा हा टप्पा मध्य रेल्वेचा आहे आणि रोह्यापुढे कोकण रेल्वे लागते. हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. सकाळची मांडवी एक्स्प्रेस, रात्रीची कोकणकन्या आणि तुतारी, तसंच दिव्याहून सुटणाऱ्या रत्नागिरी व सावंतवाडी पॅसेंजर पनवेलला थांबतात. पॅसेंजरचं तिकीट सगळ्यात स्वस्त. पण ती दिव्यालाच भरते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पनवेलला बसायला जागा मिळेल हे गृहीत धरू नये.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. गणपती, शिमगा, मे महिना आणि वर्षअखेर या काळात ते काही मिनिटांत संपतं. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागू असतं. जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबून स्टेशन गाठलं तर गाडी निघून गेलेली असू शकते.

कुठे जायचं? दिवसांप्रमाणे तीन बेत

*दोन दिवस, एक मुक्काम:* पनवेल-अलिबाग-रेवदंडा-काशीद-मुरूड. पनवेलहून अलिबाग सुमारे ७० किलोमीटर आणि अलिबागहून मुरूड सुमारे ५०. सगळा रस्ता एसटीचा. मधल्या गावांसाठी शेअर रिक्षा आणि मिनीडोर मिळतात. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जंजिरा किल्ल्याला राजपुरीहून होडीने जातात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते.

*तीन दिवस, दोन मुक्काम:* वर्तुळाकार बेत. पनवेलहून अलिबागमार्गे मुरूड, तिथून आगरदांडा. आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की दिघी, म्हणजे थेट श्रीवर्धन तालुका. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. परतताना म्हसळामार्गे माणगाव आणि तिथून रेल्वे किंवा एसटीने पनवेल. फेरीबोटीत गाडी नसलेल्या प्रवाशाचं तिकीट अगदी किरकोळ असतं आणि जमिनीवरून जाणारा मोठा वळसा वाचतो. दिघीहून पुढे एसटी कमी आहेत. त्यामुळे रिक्षाचे पैसे हिशेबात धरावेत.

*चार-पाच दिवस:* मालवण. रात्रीच्या गाडीने पनवेलहून निघून सकाळी कणकवली किंवा कुडाळला उतरायचं आणि एसटीने मालवण गाठायचं. रात्र गाडीतच गेल्यामुळे एका मुक्कामाचे पैसे वाचतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली आणि देवबाग हा सगळा भाग मालवणमध्येच राहून बघता येतो.

एकट्याच्या खर्चाचं गणित वेगळं का असतं?

खोलीचं भाडं माणशी नसतं, खोलीमागे असतं. चौघांच्या सहलीत ते चार जणांत वाटलं जातं, एकट्याला पूर्ण भरावं लागतं. तीन दिवस, दोन मुक्कामांचा एक नमुना पाहू. यातले आकडे फक्त गणित समजण्यासाठी आहेत. हंगामाप्रमाणे ते वर-खाली होतात.

- खोली: १,२०० रुपये × २ रात्री = २,४००
- जेवण, न्याहारी, चहा: ५०० × ३ दिवस = १,५००
- एसटी व रेल्वे: ८००
- रिक्षा, फेरीबोट, होडी: ६००
- एकूण: ५,३००
- अडीअडचणीसाठी राखीव: ८००
- हातात हवेत: ६,१००

मूळ खर्चाचा जवळपास निम्मा भाग खोलीचा आहे. म्हणून बचत करायची ती तिथेच. सोमवार ते गुरुवार गेलं तर त्याच खोलीचं भाडं बरंच उतरतं. शनिवार-रविवारी एकट्याने घासाघीस करून फारसा उपयोग होत नाही, कारण मागे कुटुंबं रांगेत असतात. समुद्रासमोरच्या रिसॉर्टपेक्षा गावातल्या वाडीतली घरगुती निवासाची खोली स्वस्त पडते. किनारा तिथून बहुधा चालत जाण्याइतकाच असतो.

एसटीच्या कोणत्या सवलती कामाला येतात?

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये महिलांना निम्मं तिकीट आहे. एकटीने फिरणाऱ्या मुलीचा प्रवासखर्च त्यामुळे मोठ्या प्रमाणात कमी होतो.

दुसरी योजना म्हणजे ‘आवडेल तेथे प्रवास’. चार किंवा सात दिवसांचा पास काढला की त्या मुदतीत हव्या त्या मार्गावर फिरता येतं. रोज एकाच गावात राहणाऱ्याला तो परवडत नाही. रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंत टप्प्याटप्प्याने जाणाऱ्याला परवडतो. बसच्या प्रकारानुसार पासचा दर वेगळा असतो. महिलांनी आधी निम्म्या तिकिटाने होणारा खर्च मोजावा आणि मगच पासचा विचार करावा.

एसटीच्या प्रवासात खरी अडचण तिकिटाची नाही, वेळेची आहे. किनाऱ्यावरच्या लहान गावांत दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. संध्याकाळी येऊन सकाळी परत निघणारी वस्तीची गाडी हीच अनेक ठिकाणी शेवटची गाडी असते. ती चुकली की स्पेशल रिक्षा करावी लागते आणि दिवसभराची बचत त्यात जाते. गावात उतरल्याबरोबर परतीच्या गाडीची वेळ स्टँडवर किंवा कंडक्टरला विचारून घ्यावी.

जेवणावर कमी खर्च कसा करायचा?

घरगुती खाणावळीत आधी सांगावं लागतं. सकाळी फोन केला तर दुपारचं ताट मिळतं. ऐन वेळी गेल्यास मिळेलच असं नाही. माशाच्या थाळीचा दर माशावर ठरतो. सुरमई, पापलेट महाग, बांगडा स्वस्त. ‘आज मासा कोणता आणि थाळी कितीची’ हे बसण्याआधी विचारणं तिथे कोणालाही खटकत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग असते.

‘एकट्याला खोली देत नाही’ असं म्हणाले तर?

किनाऱ्यावरच्या काही लॉजवर हे अजूनही ऐकू येतं. एकटा आलेला माणूस जिवाचं काही बरंवाईट करेल, उगाच पोलिसांची भानगड मागे लागेल, ही मालकाची भीती असते. एकट्या व्यक्तीला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. पण रात्री आठ वाजता दारात वाद घालून त्याचा फायदा होत नाही.

म्हणून आधी फोन करावा. किती जण, किती दिवस, कशासाठी हे स्वतःहून सांगावं. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना सोबत ठेवावा. थोडी आगाऊ रक्कम पाठवून त्याचा मेसेज जपून ठेवावा. घरमालक कुटुंबासह तिथेच राहतात अशी घरं एकट्याला सहसा नाकारत नाहीत. तिथे काका-काकूंशी ओळख झाली की गावातली गाडी, होडी, भरतीची वेळ ही माहितीही आपोआप मिळते. पहिल्या दिवशी उजेडात पोहोचायचं, हा नियम मात्र पाळावा.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

एकट्या प्रवाशाने शिकून घ्यावी अशी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. तिथी दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायची.

- चतुर्थी: ४ × पाऊण = ३. भरती तीनच्या सुमारास, ओहोटी नऊच्या सुमारास.
- अष्टमी: ८ × पाऊण = ६. भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या सुमारास.
- पौर्णिमा किंवा अमावस्या: १५ × पाऊण = सव्वाअकरा. भरती दुपारी, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास.

दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. हा हिशेब अंदाजाचा आहे. त्या दिवसाची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा स्थानिकांकडून पक्की करावी.

याचा थेट उपयोग अलिबागला होतो. तिथला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तृतीया ते पंचमीच्या दिवसांत ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते आणि ऊनही कमी असतं. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावं आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेला परतीला लागावं. त्यानंतर पाणी वाढत जातं आणि फोटोंच्या नादात थांबलेले लोक किल्ल्यात अडकतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावरही हीच काळजी घ्यावी. भरतीच्या वेळी तिथल्या खडकांवर लाटा आदळतात. तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

पाण्यात उतरायचं का?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. पावसाळा नव्हता आणि सोबत मोठा गट होता. एकट्या प्रवाशाला तर हाक ऐकणारंही कोणी नसतं.

किनाऱ्यावर फुटलेलं पाणी परत जाताना काही ठिकाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे तो उलट शांत आणि सुरक्षित वाटतो. त्यात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहू नये, दम संपतो. तरंगत राहून, हात हलवून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावं.

एकटं असताना गुडघाभर पाण्यापुढे न जाणं, ओहोटी सुरू असताना पाण्यात न उतरणं आणि जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पोहणं टाळणं, हे तीन नियम पुरेसे आहेत. मद्य घेऊन तर पाण्याजवळही जाऊ नये.

निघण्याआधी काय तपासायचं?

- मुक्कामाचं नाव, पत्ता, फोन आणि रोजचा बेत घरी एका माणसाकडे दिलेला असावा. रोज ठरलेल्या वेळी एक मेसेज करावा.
- नेटवर्क नसेल तिथे यूपीआय चालत नाही. किमान दोन दिवसांचा खर्च रोख असावा, त्यात १० ते १०० च्या सुट्ट्या नोटा असाव्यात.
- राखीव रक्कम वेगळ्या खिशात ठेवावी. घरी पोहोचेपर्यंत तिला हात लावू नये.
- नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा, पॉवर बँक भरून घ्यावी.
- नेहमीची औषधं, टोपी, पाण्याची बाटली आणि विजेरी सोबत असावी.
- जाण्याच्या दिवसांची तिथी आणि भरतीची वेळ लिहून ठेवावी.
- आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेत अडचण आल्यास १३९.

पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्यांनी अलिबाग-मुरूडचा एका मुक्कामाचा बेत निवडावा. काही बिनसलं तरी दिवसा एसटीने काही तासांत पनवेलला परतता येतं. तो जमला की पुढच्या वेळी फेरीबोटीचा, आणि त्यानंतर मालवणचा.