पळस काळा दिसतो तेव्हा

फाल्गुनातली सकाळ, सव्वासहाचा सुमार. गोरेवाडा तलावाच्या बाजूची जंगलवाट तुम्ही धरली आहे. पळस शोधायचा तर दाट झाडीत शिरू नका. तो उघड्यावरचा गडी. चराईची पडीक जमीन, काळ्या मातीतल्या शेतांचे बांध, पाणी साचणारा सखल भाग तो सहज धरतो. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून बाकीचं सगळं खाऊन झालं तरी हा उरतो. आधी कान द्या. साळुंक्या-बुलबुलांचा कलकलाट जिकडून येतो, तिकडे वळा.

सापडला. अंगावर पान नाही, फांद्या वेड्यावाकड्या. एक फूल अगदी जवळून बघा: खाली काळपट तपकिरी, मखमली पेला, त्यातून वर आलेली केशरी, बाकदार पाकळी. सूर्य झाडाच्या मागे येईल असे उभे राहा, म्हणजे पाकळीतून उजेड आरपार येतो. हे नऊ-दहापर्यंतच, पुढे नागपूरचं ऊन रंग खाऊन टाकतं.

मोबाइलचं बटण दाबा आणि मनाने मागे चला.

साल १८६७. मुंबईची रेल्वे याच वर्षी नागपूरला पोचली आहे. तुमच्या फोटोसाठीच्या काचा आणि त्यांवर ओतायच्या कलोडियन द्रावणाच्या बाटल्या तिच्यातूनच उतरल्या. तलाव अजून बांधलेला नाही. हातातल्या मोबाइलच्या जागी तिकाटण्यावरची लाकडी पेटी आहे, शेजारी अंधाराचा तंबू. काचेवर कलोडियन ओता, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवा, ओली असतानाच फोटो घ्या, ओली असतानाच धुवा. एरवी दहा-पंधरा मिनिटं मिळतात. या उन्हात तेवढीही नाहीत. वारा पडायची वाट बघा, नाहीतर फांदी धूसर येईल.

कागदावर छाप काढता आणि थबकता. आकाश पांढरंफटक, पळस काळाठिक्कर. या काचेला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच कळतो. केशरी तिच्या लेखी अंधार. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. या काळात पळसाचा फोटो असाच येणार.

झाडाखाली एक बाई पदरात फुलं वेचते आहे. धुळवडीच्या रंगासाठी, ती सांगते. “हे फुलं राती भिजवाचे, सकाळी उकडाचे, जी.” तिच्या हातातलं फडकं पिवळं-केशरी झालेलं आहे. काचेला जो रंग दिसला नाही, तो या सुतात उतरला आहे.

आणखी काही वर्षं मागे चला. जवळच्या टाकळीला मिशनरी स्टीफन हिस्लॉप हातोडी घेऊन वाकलेले दिसतात. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या दगडातून ते शंख, फळं, बिया काढतात आणि कुठला नमुना कुठल्या थरातला, ते लिहून ठेवतात. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ साली लंडनला छापला जातो.

त्या थरातूनच खाली उतरा, सुमारे साडेसहा कोटी वर्षं. भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. लाव्हाचा एक पूर थंडावला आहे, दुसरा यायचा आहे. मधल्या काळात तळी साचली आहेत, काठावर ताडाच्या जातीची झाडं आहेत. उत्तरेला, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला, एक इवलंसं फूल पाण्यात पडतं. ते कुजण्याआधीच पाण्यातली सिलिका त्याच्या पेशीपेशीत शिरते आणि फुलाचा दगड होतो. १९४४ साली संशोधक व्ही. बी. शुक्ल त्याचं वर्णन प्रसिद्ध करतात आणि पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहनींच्या नावावरून त्याला सहनीअँथस म्हणतात. अभ्यासक त्याचं नातं मेंदीच्या कुळाशी जोडतात. आपलं राज्यफूल ताम्हण त्याच कुळातलं, आणि सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर फाल्गुनाच्याच दिवसांत लालभडक होणारी धायटीही.

आता परत या आणि कधीतरी ती धायटी शोधा. झुडूप कमरेएवढं, फुलं नळीसारखी आणि बारीक, म्हणून गुडघे टेकून, लेन्स जवळ नेऊन फोटो घ्या. चालताना बहुतेक जण तिच्यावरून नजर टाकून पुढे जातात. वाकलात तर साडेसहा कोटी वर्षांचं नातं समोर दिसेल.

आणि फोटोसोबत ठिकाण आणि तारीख नक्की लिहा. दगडातल्या फुलाचा रंग गेला, पण तो दगड कुठल्या गावचा, कुठल्या थरातला हे नोंदलेलं होतं, म्हणून त्या फुलाचा काळ ठरवता आला. आज सीझनवॉचसारख्या उपक्रमांत सामान्य माणसं झाड कधी फुललं याची नोंद करतात. दरवर्षी एकाच पळसाकडे जा, पहिलं फूल दिसलं तो दिवस लिहून ठेवा. पळस पूर्वीपेक्षा लवकर फुलू लागला का, असं उद्या कुणी विचारलं, तर उत्तर नुसत्या सुंदर फोटोत मिळणार नाही. ते तुमच्या तारखांमध्ये मिळेल.