कृपा व विश्वास, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्मविचारातील एक पायाभूत सिद्धांत. मनुष्य ख्रिस्ती ठरतो तो जन्माने, कुलाने वा पुण्यसंचयाने नव्हे, तर ईश्वराने विनामूल्य दिलेल्या व विश्वासाने स्वीकारलेल्या कृपेमुळे, असे हा सिद्धांत मानतो.

त्याचा उगम एका व्यावहारिक पेचात आहे. पहिल्या शतकात यहुदीतर लोक ख्रिस्तमंडळीत येऊ लागले, तेव्हा त्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. जेरूसलेमच्या सभेने (सु. इ. स. ४९) सुंतेची अट घातली नाही. अब्राहमास सुंतेपूर्वीच, केवळ विश्वासामुळे, नीतिमान गणले गेले, असा युक्तिवाद संत पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केला. याकोबाच्या पत्रात मात्र त्याच अब्राहमाचे उदाहरण कृतींवाचून विश्वास निर्जीव होय, हे दाखविण्यासाठी येते. पुढील सर्व वादाचे बीज या दोन पत्रांत आहे.

पाचव्या शतकात मानवी इच्छाशक्तीवर भर देणाऱ्या पिलेजिअसला संत ऑगस्टीनने विरोध केला. कार्थेजच्या धर्मसभेने (४१८) पिलेजिअसचे मत निषिद्ध ठरविले. तथापि हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो सोळाव्या शतकात. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा मठवासी असताना कठोर तपाचरण करूनही पापभयाने व्याकूळ असे. ‘ईश्वराचे नीतिमत्त्व’ म्हणजे शिक्षा करणारा न्याय नसून पाप्यास मिळणारे दान होय, हा अर्थ त्यास रोमकरांस पत्रातून उमगला. आपल्या जर्मन नव्या करारात (१५२२) त्याने ‘विश्वासाने’ या शब्दापूर्वी ‘केवळ’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द घातला. त्यावर टीका होताच १५३० मध्ये त्याने जर्मन भाषेच्या धाटणीचा आधार घेऊन त्याचे समर्थन केले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४७) ‘केवळ विश्वासा’चे मत अमान्य केले. या परिषदेने कृपाच नाकारली, हा समज मात्र चुकीचा आहे. आरंभ कृपेनेच होतो, हे तिलाही मान्य होते. मतभेद होता तो मानवी सहकार्याविषयी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्जबुर्ग येथे ल्यूथरपंथीय व रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि पूर्वीचे परस्परनिषेध त्यात मांडलेल्या शिकवणीस लागू होत नाहीत, असे मान्य केले.

महाराष्ट्रात या भेदाचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्यास ख्रिस्ती धर्म लाभला, प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नाही, असे त्यांना पुढे वाटू लागले. १८९१ च्या सुमारास, एका इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचल्यानंतर, तारण हे मिळवावयाचे नसून स्वीकारावयाचे असते, अशी त्यांची खात्री झाली. आपल्या इंग्रजी निवेदनात (१९०७) त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. विधवांसाठी काढलेले त्यांचे शारदा सदन तेव्हा पुण्यात होते व तेथे धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याने गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला.